वाचक विचारतात : वीतभर टेप

गेल्या अंकातल्या एका उत्तरावरून या वेळी बरीच पत्रं आली. त्यातलं सगळ्यात खरमरीत पत्र आधी घेतो, कारण त्यात चूक माझी आहे.

प्रश्न : काका, 'परदेशातलं सगळ्यात रडवणारं गाणं कोणतं' या प्रश्नाला तुम्ही गेल्या वेळी अमेरिकन कंट्री गायक जॉर्ज जोन्सचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' हे उत्तर दिलंत. पुढं लिहिलंत, 'ज्या बाईपायी तो जन्मभर झुरला, ती शेवटपर्यंत येत नाही. ती आली असती तर गाणं पडलं असतं.' मी ते यूट्यूबवर तीनदा ऐकलं. ती येते. गायक गाणं सोडून नुसतं बोलायला लागतो, तिथं स्पष्ट सांगतो की ती त्याला शेवटचं बघायला आली. तुम्ही हे गाणं पूर्ण ऐकलंय का?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : नाही ताई. चाळीस वर्षं ऐकतोय आणि पूर्ण एकदाही ऐकलं नव्हतं.

तुमचं पत्र वाचून आधी रागच आला. म्हटलं, बघा, मला शिकवायला निघाल्या. मग मुलाच्या मोबाइलवर गाणं लावलं, कानाला धरून बसलो, आणि दोन मिनिटं उलटल्यावर जे ऐकलं त्यानं कपातला चहा कपातच निवला. येते. तुम्ही म्हणता तशीच येते.

आता हे झालं कसं ते सांगतो, म्हणजे माफी मागणं मला जरा सोपं जाईल.

१९८६ सालची गोष्ट. सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका बोळात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. सहा बाय आठ. त्यातली निम्मी जागा लोकांनी दुरुस्तीला टाकून परत न नेलेल्या मर्फी आणि बुशच्या रेडिओंनी अडवलेली. एक गिऱ्हाईक टू-इन-वन घेऊन आलं. मशीननं कॅसेट खाल्ली होती. कॅसेट भावानं ह्यूस्टनहून पाठवलेली, जॉर्ज जोन्सचा 'आय ॲम व्हॉट आय ॲम' हा १९८० चा अल्बम. 'मशीन गेलं तरी चालेल, कॅसेट वाचली पाहिजे,' एवढं बजावून तो गेला.

उघडून बघितलं तर रबरी रोलरभोवती तपकिरी टेपचे वेढेच वेढे. रोलर चिकट झाला की असं होतं. पलीकडचं चक्र टेप ओढून घेईना झालं की ती रोलरलाच गुंडाळत बसते, आणि वरून मशीन तिला ढकलतच राहतं. चिमट्यानं एकेक वेढा सोडवला. बाकी टेप बरी होती. फक्त एक वीतभर तुकडा पार चुरगळला होता, सुपारीच्या पुडीचा कागद मुठीत चोळावा तसा. मी तो कापला. ब्लेडनं दोन तिरके काप, टोकाला टोक भिडवलं, पाठीमागून सेलोटेपची बारीक पट्टी, कडेचं जास्तीचं छाटून टाकलं. हे काम मी तेव्हा झोपेतसुद्धा केलं असतं आणि त्याची घमेंडही होती. 'जोड कुठं आहे ते ऐकून सांग, चहा माझ्याकडून,' अशी पैज लावायचो. कुणी जिंकलं नाही.

कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटीमीटर पळते. वीत धरा बावीस सेंटीमीटर. म्हणजे साडेचार सेकंद. साडेचार सेकंदांत आमच्याकडं 'काय म्हंता, कसं काय' एवढंच बोलून होतं. त्या गाण्यात तेवढ्यात एक बाई येऊन उभी राहते.

जोड तपासायला म्हणून कॅसेट लावली, तेव्हा हे गाणं पहिल्यांदा ऐकलं. अल्बममधलं पहिलंच आहे. गोष्ट तिसराच माणूस सांगतो, दोस्त असावा. एक जण आपल्या बाईला म्हणाला होता, मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन. ती म्हणाली होती, विसरशील हळूहळू. तो काही विसरला नाही. भिंतीवर तिचा फोटो, उशाशी १९६२ सालची तिची पत्रं, आणि त्या पत्रांत जिथं जिथं प्रेमाचं वाक्य आहे तिथं तिथं लाल रेघ मारलेली. मग सांगणारा म्हणतो, आज त्याला बघून आलो. जायच्या तयारीनं चांगले कपडे घातलेला, आणि कितीतरी वर्षांनी चेहऱ्यावर हसू. यानंतर दारावरचा फुलांचा हार येतो, त्याला उचलून नेण्याची गोष्ट येते. तो मेला, असं वाक्य गाण्यात कुठंच नाही. आजपासून त्यानं तिच्यावर प्रेम करणं थांबवलं, एवढंच.

मग वाद्यं खाली येतात, एका बाईचा उंच, शब्दाविना सूर मागून तरंगत येतो (तो आवाज मिली किर्कहॅम यांचा) आणि जोन्स गाणं सोडून बोलायला लागतो. माझा जोड नेमका तिथं होता. माझ्या कॅसेटवर ते बोलणं सुरूच होतं 'येते की नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं' इथून, आणि पुढं, 'या खेपेला मात्र तो तिच्यातून कायमचा बाहेर आला.' मी काय समजणार? सगळे वाट बघत राहिले, बाई आली नाही, नुसता तिचा सूर आला. त्या सुरावर मी एक अख्खा सिद्धान्त उभा केला, मित्रांना ऐकवला, आणि गेल्या अंकात छापूनही आणला.

कॅसेट परत द्यायच्या आधी स्वतःसाठी साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेतली. पैसे फिटतील तेवढं ऐकलंय ते. पण उतरवली जोड मारल्यानंतर. त्यामुळं माझ्या घरी ती बाई कधी आलीच नाही.

आणखी एक सांगतो, म्हणजे माझ्या ब्लेडची करामत कळेल. हे गाणं बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन या दोघांनी लिहिलं. निर्माता बिली शेरिल यांना ते पसंत पडेना, त्यांनी पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. बाई अंत्यविधीला येते तो भाग शेरिल यांनी मागून घातलेला आहे. म्हणजे नॅशव्हिलमधल्या त्या माणसानं लेखकांच्या मानेवर बसून जे वाक्य काढून घेतलं, तेच मी सोलापुरात पाच रुपयांत कापून केराच्या टोपलीत टाकलं. पाच रुपये घेतले होते मी. तो गिऱ्हाईक हे वाचत असेल तर त्याला सांगतो : भाऊ, तेव्हा 'थोडीशी गेली, पण कळत नाही' असं म्हणालो होतो. चुकलो. घरी या, पाच रुपये आणि चहा.

आता उरला सिद्धान्त. ती आली तर गाणं पडतं का? गेले पंधरा दिवस रोज ऐकतोय. पडत नाही. उलट माझंच गाणं सोपं होतं : निष्ठुर बाई, बिचारा बाप्या. खऱ्या गाण्यात ती येते आणि कुणी तिला बसायला खुर्ची देत नाही. काय नेसली होती, रडली का, किती वेळ थांबली, काही नाही. एका वाक्यात येते आणि त्याच वाक्यात संपते. तुम्हीही कुणाच्या तरी दारात बघितलं असेल. आत बायका बसलेल्या, बाहेर तिरडीची बांधाबांध, आणि कंपाउंडच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली एक कुणीतरी येऊन उभी. सगळ्यांना माहीत असतं कोण आहे. कुणी नाव घेत नाही. उचलायच्या वेळी बघावं तर गेलेली असते.

एवढं सगळं मी चाळीस वर्षं वगळलं होतं. पत्राबद्दल आभार, ताई.

प्रश्न : हे 'कंट्री' म्हणजे नेमकं काय? त्यांचा तमाशा, का त्यांची लोकगीतं? आपल्याकडं असं विरहाचं गाणं नाही का, की त्यासाठी अमेरिकेत जावं लागावं?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : गुरुजी, टोमणा पोचला.

तमाशा नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ आणि शेतकरी मुलखातलं गाणं. इंग्लंड-स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या लोकांनी कथागीतं आणि फिडल आणलं, आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडून बँजो आला, हवाई बेटांवरून स्टील गिटार आली. या सगळ्याची भाजी रेडिओनं शिजवली. नॅशव्हिलच्या एका रेडिओ केंद्रावर नोव्हेंबर १९२५ मध्ये शनिवार रात्रीचा एक कार्यक्रम सुरू झाला, 'ग्रँड ओल ऑप्री' नावानं तो अजून चालू आहे. शंभरी गाठली त्यानं. जोन्स टेक्ससमधल्या साराटोगा गावचा, १९३१ चा जन्म. बाप पिऊन रात्री-अपरात्री घरी यायचा आणि पोरांना झोपेतून उठवून गायला लावायचा. त्याच बापानं नऊ वर्षांच्या पोराला गिटार आणून दिली. पोरगं बोमाँटच्या रस्त्यावर चिल्लर गोळा करत गाऊ लागलं.

ती स्टील गिटार ऐकाच तुम्ही. तारेवर धातूची पट्टी सरकवत वाजवतात, त्यामुळं सूर पायरीनं न चढता घसरत जातो. आपण मींड म्हणतो ती. जोन्सचा गळाही तसाच. जबडा फारसा उघडत नाही, शब्द दातांत धरून ठेवतो आणि सूर खाली वाकवतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, हा माणूस सांगायला तयार नाही, कुणीतरी त्याच्याकडून वदवून घेतंय.

आपल्याकडं विरह नाही असं म्हणायची माझी काय टाप! मी ज्या गावात बसून लिहितोय ते शाहीर राम जोशींचं गाव. लावणीच्या कलाकेंद्रांचं मोडनिंब आपल्याच जिल्ह्यात. पण गुरुजी, एक गोष्ट मला नेहमी खटकते. आपल्या गाण्यात झुरायचं काम बाईला दिलेलं आहे. विराणी तिची, जात्यावरची ओवी तिची, आणि विरहाच्या लावणीत सखा परगावी किंवा मोहिमेवर गेलेला, ती खिडकीत. लिहिणारा बाप्या असला तरी तो तिच्या तोंडून रडतो. बाप्यानं आपल्याच तोंडानं 'मी तिला विसरू शकलो नाही' म्हणायचं, तर त्यासाठी गझल गाठावी लागते किंवा दारूचा गुत्ता. जोन्सच्या या गाण्यातही तो स्वतः बोलत नाहीच. त्याचं दुःख दुसरा बाप्या सांगतो, तेही तो गेल्यावर. हे मात्र मला अगदी आपलं वाटतं. मित्राला जिवंतपणी 'कसा आहेस' विचारायचं नाही, आणि दहाव्याला घाटावर बसून त्याच्या उशाखालच्या पत्रांची गोष्ट सांगायची.

तुमचा दाखला काही वेगळा असेल तर कळवा, छापतो.

प्रश्न : हा गायक अट्टल दारुडा होता म्हणे. कार्यक्रमाला यायचाच नाही. अशा माणसाचं कौतुक कशाला? आपल्या कलावंतांनी असं केलं असतं तर लोकांनी तंबू पेटवला असता.
— पंढरपूरहून एक वाचक

उत्तर : होता. 'नो शो जोन्स' असं नावच पडलं होतं त्याला. तिकिटं विकली जायची आणि गायक गायब.

यावरून मागावर कापड विणणाऱ्या एका माणसाची आठवण झाली. जोड तपासायला कॅसेट लावली होती तेव्हा पूर्व भागातला एक मागवाला आपला ट्रान्झिस्टर घेऊन बाकड्यावर बसला होता. घरी तेलुगू, बाजारात मराठी, इंग्रजीशी संबंध नाही. गाणं संपल्यावर त्यानं विचारलं, 'मालक, ह्ये रडालंय का प्यालंय?' मी हसलो. पुढं वाचनात आलं तेव्हा हसू गेलं. त्या गाण्यातला बोलण्याचा तुकडा, होय तोच माझा वीतभर, ध्वनिमुद्रित करायला सगळ्यात जास्त त्रास झाला होता. गाताना जोन्सची जीभ अडखळायची नाही; बोलताना दारूनं जड झालेली लपायची नाही. शिवाय त्याच्या तोंडात सारखी दुसऱ्याच एका गाजलेल्या गाण्याची चाल यायची. सुरुवात ते शेवट, सगळं जुळून यायला वर्ष उलटून गेलं. मागवाल्याचा कान किती तयार होता बघा. रोज बारा तास खटखटाट ऐकून एखादा धागा तुटल्याचं ज्याला कळतं, त्याला हे काय अवघड.

हिरवळ कापायच्या यंत्राचा किस्सा तर जोन्सनं स्वतःच सांगून ठेवलाय. बायकोनं गाड्यांच्या किल्ल्या लपवल्या. दारूचं दुकान आठ मैलांवर. यानं अंगणातलं बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र काढलं. ते ताशी पाच मैल जायचं. गेला तसाच, दीड तास, रस्त्यानं. लोक हसतात यावर, मीही हसलो. पण आपल्या वाड्यातला कुणी असा गेला असता तर हसलो नसतो.

लग्नाचीही एक गंमत सांगतो. ब्रॅडॉक आणि पुटमन याच जोडीनं १९६८ मध्ये टॅमी वायनेट या गायिकेला घटस्फोटावरचं एक गाणं दिलं, ते गाजलं. जोन्सनं १९६९ मध्ये त्याच टॅमीशी लग्न केलं. १९७५ मध्ये घटस्फोट. म्हणून १९८० मध्ये हे गाणं आलं तेव्हा लोकांनी तो म्हणजे जोन्स आणि ती म्हणजे टॅमी असंच धरून ऐकलं. गाण्याला त्याचा फायदा झाला हे नाकारता येत नाही.

स्वतः जोन्सला हे गाणं नको होतं. फार लांब, फार रडकं, कुणी विकत घेणार नाही, असं त्याचं मत. एप्रिल १९८० मध्ये बाजारात आलं, जुलैत कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर. एकट्याच्या नावावर असा नंबर त्याला पाच-सहा वर्षांत मिळाला नव्हता. ग्रॅमी मिळालं. कंट्री म्युझिक असोसिएशननं १९८० आणि १९८१ अशी लागोपाठ दोन वर्षं त्यालाच वर्षातलं गाणं ठरवलं. तीन मिनिटांच्या गाण्यानं आपली बुडालेली कारकीर्द वर काढली, हे त्यानं १९९६ च्या आत्मचरित्रात मान्य केलंय. मत चुकलं म्हणून कबूल करणारा माणूस मला आवडतो, सध्या जरा जास्तच.

कौतुक कशाला, हे तुमचं विचारणं मात्र रास्त आहे. तुमच्या पंढरपुरात जन्मलेल्या विठाबाईंची गोष्ट सांगतात ना, नऊ महिने भरलेल्या असताना फडावर नाचल्या, कनातीमागं बाळंत झाल्या आणि पुन्हा उभं राहायला निघाल्या. त्यांच्यापुढं 'नो शो' म्हणजे श्रीमंतांचे चोचले वाटतात. पण ती गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणारे आपणही फार शहाणे नव्हे. बाई घरी निजून राहिली असती तर तंबू पेटवला असता असं तुम्हीच लिहिलंय.

१९९९ मध्ये जोन्सच्या गाडीला मोठा अपघात झाला, त्यानंतर दारू सुटली. २६ एप्रिल २०१३ ला गेला, एक्क्याऐंशी वर्षांचा होऊन. ऑप्रीच्याच सभागृहात त्याला निरोप दिला. तिथं ॲलन जॅक्सन या गायकानं हेच गाणं म्हटलं आणि शेवटी डोक्यावरची हॅट काढली. या खेपेला मी तेही मोबाइलवर बघितलं. बोलण्याचा भाग आल्यावर नकळत पुढं झुकून बसलो होतो.

प्रश्न : या गाण्याच्या नावाचं चांगलं मराठी कराल का? 'आज त्याने तिच्यावर प्रेम करणे थांबवले' हे वाचून मला सरकारी परिपत्रक आठवलं.
— भाषांतराचा नाद असलेली, होटगी रोड

उत्तर : मलाही. 'थांबवले' म्हटलं की वाटतं, उद्यापासून पाणीपुरवठा थांबवण्यात येत आहे.

खूप डोकं खाजवलं. 'आज तिला विसरला' म्हटलं तर खोटं होतं, तो विसरलेला नाही. 'आज प्रेम संपलं' यात तो राहत नाही, प्रेमच कर्ता होऊन बसतं. मग परवा शेजारचे एक आजोबा गेले. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. जिन्यात उभ्या असलेल्या बाईंनी मला सांगितलं, 'सुटले हो.'

हाच तो शब्द. 'आज सुटला.' मेला असं न म्हणता मेल्याचं सांगणारा, आणि कशातून सुटला ते ज्याचं त्यानं भरून घ्यावं. दुखण्यातून, कर्जातून, बाईतून. इंग्रजीत ज्यासाठी दोन लेखकांना इतकं घासावं लागलं, ते आपल्या जिन्यातल्या बाई तीन अक्षरांत बोलून जातात.

पण आनंदानं उडी मारायच्या आत अडचण बघा. मूळ गाण्यात पहिल्या ओळींत ऐकणाऱ्याला काही कळत नाही. प्रेम थांबलं? चला, बरं झालं, शहाणा झाला. हसतोय, चांगले कपडे केलेत, कुठं तरी निघालाय. हार येईपर्यंत आपण फसलेले असतो. मराठीत 'सुटला' म्हटलं की पहिल्याच क्षणी माणूस गेला, आपण टोपी काढून मोकळे. म्हणजे शब्द नेमका आहे आणि नेमका आहे म्हणूनच नावाला चालत नाही. शेवटच्या ओळीत चालेल. तिथं ठेवा. नावासाठी तुम्हीच काहीतरी शोधा, माझी धाव जिन्यापर्यंतच.

लाल रेघांचं भाषांतर मात्र करू नका. त्या आहेत तशा राहू द्या. पत्रात तिनं प्रेमाचं वाक्य किती वेळा लिहिलं ते हा माणूस लाल पेन घेऊन शोधत बसलाय, आमच्या हिशेबनिसासारखा. गाण्यातला वेडेपणा सगळा त्या पेनात आहे.

प्रश्न : काका, ब्रेकअप झालंय. हे गाणं ऐकू का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हॉस्टेल

उत्तर : ऐक, एकदाच, दिवसा. रात्री अकरानंतर नको. मेसमध्ये जेव. मेसचं जेवण नको वाटलं तर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, हे दुःखात खाली उतरतं, अनुभवानं सांगतो. तिचे मेसेज पुन्हा वाचत बसू नकोस. आणि लाल पेन असेल तर रूममेटकडं दे.

प्रश्न : वडिलांच्या आवाजातली भजनाची एक कॅसेट सापडली. १९९१ च्या आसपासची, माळ्यावर होती. शेजाऱ्यांच्या जुन्या टेपवर लावली तर अडकली, मध्ये थोडी चुरगळली आहे. एका दुकानदारानं सांगितलं, चुरगळलेला भाग कापून जोडून देतो, नाहीतर मशीन खराब होईल. कापू द्यावी का?
— अक्कलकोटहून एक मुलगी

उत्तर : बेटा, आज संध्याकाळी त्याच्याकडं जा आणि कॅसेट परत आण.

चुरगळलेली टेप ऐकू येते. आवाज दबतो, मध्येच वर-खाली होतो, एका बाजूनं जातो, पण शब्द लागतो. कापलेली टेप ऐकू येत नाही. मशीन खराब होईल म्हणतात ते मशीनच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागणाऱ्या चुऱ्याबद्दल. तो कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसला की संपलं. वडिलांची टेप एकदाच वाजवायची आहे, त्यासाठी कुठलंही मशीन राबवायची माझी तयारी आहे.

तोवर एवढं कर. पुन्हा कुठंही लावू नकोस. कॅसेट सरळ धरून उजेडात बघ, खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरे ठिपके दिसले तर बुरशी आहे. तेही घाबरण्यासारखं नाही, पण आधी सांग, म्हणजे चांगल्या मशीनला लावणार नाही. उन्हात वाळवू नकोस. आपल्याकडच्या मे महिन्यात माळ्यावरच्या कॅसेटची पेटी वाकते, आत टेप घासते, बऱ्याचदा अडकण्याचं मूळ तेच असतं, टेपमध्ये काही दोष नसतो. पेटीला पाच बारीक स्क्रू असतील तर बदलणं दहा मिनिटांचं काम. चिकटवलेली असेल तर पेटी फोडावी लागते, तेवढी फोडू. टेप दाबणारा नमद्याचा इवलासा तुकडा निखळला असेल तर दुसऱ्या कॅसेटचा काढून लावू. चुरगळलेला भाग बोटांच्या पेरांमध्ये धरून, काचेवर हलक्या हातानं सरळ करायचा. इस्त्री नाही, पाणी नाही. मग एकदाच, न थांबवता, लावायची आणि लावतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. पहिल्या खेपेला जे मिळेल ते मिळेल, म्हणून यंत्र आधी दुसऱ्या चार कॅसेट लावून तपासून ठेवतो.

दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सामान घरी आहे. मासिकाच्या कार्यालयात फोन करून माझा पत्ता घे आणि बुधवारी सकाळी ये, उन्हाच्या आत. भजन कुठलं आहे आणि चुरगळलेल्या जागी वडील काय म्हणत होते ते आठवतंय का, तेवढं आधी आईला विचारून ये. मी ब्लेड कपाटात ठेवून देतो.